तळ्याखालच्या कोरड्या खोल्या

राइली कांगासला "कशी आहेस?" असं विचारलं की ती "पाय दुखतात" असं सांगायची. खोटं नव्हतं ते. कॅनडातल्या थंडर बेमधल्या एका वृद्धाश्रमाच्या तळघरात ती धुलाईचं काम करायची. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभं राहायचं, ओल्या चादरी यंत्रातून ओढायच्या, वाळलेल्यांच्या घड्या घालायच्या. पाय दुखणारच. पण गेली तीन वर्षं लोक हाच प्रश्न मान जरा तिरकी करून, आवाज खाली आणून विचारू लागले होते, आणि राइलीचं उत्तर तेच राहिलं होतं. विचारणारा ओशाळून जायचा. तिचा हेतूही तोच असावा. आजोबा-आजी फिनलंडहून आलेले. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, आणि सुंभ जळतोय हे शेजाऱ्याला कळू देणार नाहीत, अशी ही जात.

तिचा मुलगा ओन्नी एका मार्चअखेर स्नोमोबाइलवरून, म्हणजे बर्फावरच्या गाडीवरून, गोठलेलं तळं ओलांडताना बर्फ फुटून आत गेला. बावीस वर्षांचा होता. यंदा बर्फ लवकर सडलाय, काठाकाठानं जा, असं सगळ्यांनी बजावलं होतं. पण पलीकडे कॅम्प, म्हणजे तळ्याकाठचं सुट्टीचं लाकडी घर, कॅम्पच्या शेगडीपाशी मित्र, आणि समोर सरळ पांढरी वाट. त्या वयात काठाकाठानं कोण जातं? पाणबुडे आले, दोर सोडले, मान हलवत परत गेले. तळं मोकळं होईपर्यंत तो सापडला नाही. मधले ते आठवडे आपण कसे काढले हे राइलीला आजही सांगता येत नाही. एवढंच आठवतं, की ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर एक खोली काढत होती. लाकडी भिंती, खाली शेवाळाचा गालिचा, कोपऱ्यात पेटलेली शेगडी, आणि छताच्या जागी तळं. पाणी वरच्या वर थांबलेलं, खाली एक थेंब नाही. तिला तेवढंच हवं होतं. खोली कोरडी असावी.

अशी खोली बांधणार कोण? दातांनी झाडं पाडून तळ्यात फांद्यांचं घर रचणारा बीव्हरच. त्याच्या घराचं दार पाण्याखाली आणि आतली बसायची जागा कोरडी ठणठणीत, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा दुसऱ्या चित्रात एक म्हातारा बीव्हर आला. पायात लोकरीचे मोजे, अंगात विणलेली बंडी, खांद्यावर कायम एक घडी केलेला टॉवेल. तिने त्याला मायावा म्हटलं. आजी बीव्हरला याच नावानं बोलवायची. मायावाला आल्या आल्या काम खूप. तो शेगडीवर मोजे ऊब द्यायला टांगायचा, कॉफी ठेवायचा, खाट अंथरायचा. मग त्या खोलीला दुसरी खोली फुटली, दुसरीला जिना, जिन्याखाली स्वयंपाकघर, ज्याच्या खिडकीबाहेरून मासे जातात. एका खोलीत बर्फ खालून वर पडायचा. एका लांबलचक ओसरीत खाटाच खाटा, प्रत्येकीवर धुतलेली चादर, आणि त्या चादरीची घडी न् घडी बरोबर, कारण चादरी हा राइलीचा प्रांत. सगळं मांडलेलं, सगळं ऊबदार. त्यात ओन्नी मात्र कधी नसायचा. तिने त्याला कधी काढलाच नाही.

हे बाहेर कुणाला कळलं नसतं, पण ग्लेनिस फोर्टिए ही बाई त्या वृद्धाश्रमात परिचारिका होती आणि निवृत्त झाल्यावरही तिला लोकांच्या दुखण्यात हात घालायची खोड होती. धुलाईघरातल्या फळीवर चिकटवलेलं एका खोलीचं चित्र तिने पाहिलं आणि राइलीला शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात ओढून नेलं. तिथे ग्लेनिसने एक टेबल मांडलं होतं. बोलून बोलून थकलेली, किंवा बोलायलाच नको असलेली माणसं तिथे येऊन चित्रं काढत. प्रत्येकाचं एकेक पात्र. ग्लेनिसचा स्वतःचा एका पायाचा कावळा होता, परिचारिकेचा एप्रन घातलेला. एका गृहस्थाची किटली होती, सैनिकाचे बूट चढवलेली. कुणी कुणाला "हे काय काढलंस?" असं विचारत नसे. "त्याला थंडी वाजत नाही का?" असं मात्र विचारत. राइलीला ते मानवलं.

टेबलाचा नियम एकच, पण चर्चच्या नियमांपेक्षा कडक. पात्र ज्याचं त्याचं. दुसऱ्याचं पात्र काढायचं तर आधी विचारायचं. आणि फेब्रुवारीत एक रीत असे. ज्याला आपलं पात्र देऊन टाकायचंय त्याने त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून लोकरीच्या टोपीत टाकायचं. ज्याच्या हाती ती चिठ्ठी येईल, पात्र त्याचं. नाव, कपडे, स्वभाव, घरदार, सगळं. त्यानंतर ज्याने ते जन्माला घातलं त्यालासुद्धा ते काढायचं तर नव्या मालकाला विचारावं लागायचं. ग्लेनिस म्हणायची, हात मोकळा झाला की काही नवं धरता येतं. तिचं काय जातंय. तिचा कावळा सगळ्या टोप्यांतून वाचून तिच्याकडेच होता.

त्या फेब्रुवारीत धुलाईघरातल्या दोघी आजारी पडल्या होत्या आणि तिघींचं काम राइली एकटी ओढत होती. शनिवारी ती आली ती बूट काढूनच बसली, कारण पाय बुटांत मावत नव्हते.

"काय गं, टाकायचंय का काही?" ग्लेनिसने टोपी पुढे केली.

"माझ्याकडे एकच आहे."

"मग राहू दे की. कुणाची जबरदस्ती आहे?"

राइली टोपीकडे बघत राहिली. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी, आणि घरी आल्यावर कागदावर पुन्हा चादरी. रोज संध्याकाळी खोली मांडा, शेगडी पेटवा, मोजे गरम करा, आणि मायावाला दाराकडे तोंड करून बसवा. येत तर कुणी नाही. तिला मायावाचा कंटाळा आला होता असं नाही, त्याला रोज उचलून न्यायचं बळ उरलं नव्हतं. तिने चिठ्ठीवर नाव लिहिलं आणि टाकलं.

"न्या रे बाबा कुणीतरी," ती म्हणाली.

टेबलावरच्या लोकांना वाटलं, बाई सावरली. ग्लेनिसने तर मिठीच मारली. सावरली कसली, थकली होती. दमलेल्या माणसाने त्या दिवशी काही देऊ नये अन् काही ठरवू नये, पण हे शहाणपण दमलेल्या माणसाला कुठून सुचणार?

चिठ्ठी निघाली ती गॉर्ड पेल्कीच्या हाती. गॉर्ड मोठे ट्रक चालवायचा. मूत्रपिंडं गेली, नजर अधू झाली, लायसन्स काढून घेतलं. आता आठवड्यातून तीनदा रक्त गाळणाऱ्या यंत्राला जोडून पडायचं, एवढाच त्याचा प्रवास. टेबलावर आपण फक्त खायला येतो असं तो उघड सांगे. येताना गुलाबी साखर थापलेल्या पर्शियन बनांचा खोका आणायचा, स्वतःला मनाई म्हणून दुसऱ्यांना खाताना बघत बसायचा. चित्रं काढायचा पट्टीने. ढगसुद्धा पट्टीने.

"मायावा," त्याने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. "हा तो टॉवेलवाला ना? बरा आहे. घरात एक कामाचं माणूस झालं." आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात कोंबली.

पहिला आठवडा राइलीला हलकं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात हात शिवशिवायला लागले म्हणून ती कागद घेऊन बसली. खोली काढली, शेगडी काढली. शेगडीपुढे सवयीने एक मोजा काढला आणि हात थांबला. मोजा मायावाचा. मायावा गॉर्डचा. विचारायला हवं. आता एवढं काय, एक मोजा, घरात एकटी बसून काढला तर कोण बघतंय, असं तुमच्याआमच्या मनात येईल. राइलीच्या आलं नाही. तिने कागद मागच्या अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, चुलीत घातला आणि दुसरा घेतला, नुसती खोली काढली. आणि ती खोली कोरडी राहीना. जमिनीलगत एक रेघ आपोआप आली. पुढच्या चित्रात रेघ खाटेच्या पायापर्यंत चढली. ती खोडायची आणि पुन्हा काढायची. पुसायला कुणी नाही, शेगडी फुंकायला कुणी नाही, पाणी काय थांबतंय? रात्री तिला झोप येईना. कामावर तिने कुणाचे तरी लोकरी स्वेटर गरम पाण्यात टाकून बाहुल्यांना होतील एवढे करून ठेवले. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

कालेवी, तिचा नवरा, हे बघत होता की नाही कोण जाणे. तो धान्याच्या कोठारावर कामाला होता. आला की जेवायचा, भांडी घासायचा, टीव्हीवर कर्लिंगचे, बर्फावरून दगड सरकवायच्या खेळाचे, सामने बघायचा. ओन्नी गेल्यावर त्याने घरातले सगळे फोटो एका दिवसात उचलून कुठेतरी ठेवले. कुठे, ते तिने विचारलं नाही. त्याने तिच्या खोल्यांविषयी विचारलं नाही. दोघं एकमेकांना जपत होते, आणि जपता जपता घरात बोलणंच उरलं नव्हतं.

एप्रिलच्या एका शनिवारी गॉर्डने टेबलावर कागद उलगडला. "बघा, आमचा ड्रायव्हर!"

मायावा ट्रक चालवत होता. ट्रक पट्टीने काढलेला, चाकं पर्शियन बनासारखी. बाहेर महामार्ग, खडक, देवदारांची रांग, आणि बाजूला लांबवर तळं, काठाला लागलेल्या एका निळ्या पट्टीएवढं. मायावाने काच खाली करून कोपर बाहेर काढलं होतं. टॉवेल त्याने बुडाखाली घेतला होता. सगळे हसले. किटलीवाल्या गृहस्थाने विचारलं, "डिझेल पितो का हा?" राइली उठली आणि कप गोळा करून आत मोरीवर गेली. कप अजून अर्धे भरलेले होते.

लोक गेल्यावर गॉर्ड उरलेले कप घेऊन आत आला.

"आवडलं नाही तुला," तो म्हणाला.

"गॉर्ड, मला मायावा परत हवाय."

"परत? आपली रीत काय आहे?"

"रीत मला नको शिकवूस. तुझ्याआधीपासून येतेय मी इथे."

"मग?"

"मग काय मग! चुकलं माझं. दमले होते त्या दिवशी."

"मी काय ताजातवाना आहे?" गॉर्डने कप खाली ठेवले. "हे बघ, काढ ना तू त्याला. हवा तेवढा काढ. मी कधी नाही म्हणालो? पण अट माझी. मालक मी आहे."

"बोल."

"पाण्याखाली नाही न्यायचा."

राइलीने नळ बंद केला. "तो तिथलाच आहे. तू त्याला उचलून ट्रकात कोंबलास. बीव्हरला लायसन्स कुणी दिलं रे?"

"माझं काढून घेतलं, ते त्याला दिलं." गॉर्ड हसला नाही. "चार तास सुया टोचून पडलेला असतो मी. वर छत, छताला डाग. हल्ली डोळे मिटतो आणि त्याला म्हणतो, चल. चार तासांत तो पार ड्रायडन गावाला पोचतो. मीही पोचतो. तू माझ्याकडे किटली माग, ग्लेनिसचा तो लंगडा कावळा माग, चोरून आणून देतो. हा नाही मिळायचा, राइली."

ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि हा माणूसही जळतच होता. त्याच्याशी भांडणार तरी कशी?

"आणि एक सांगू?" गॉर्ड भिंतीला टेकला. त्याला फार वेळ उभं राहवत नसे. "तुझ्या खोल्या बघितल्यात मी. सगळं मांडून ठेवलेलं, आणि तो बापडा एकटा दाराकडे बघत बसलेला. दर चित्रात. कुणाची वाट बघायचा गं तो?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. सगळ्यांनाच आहे. तू सांग."

मोरीत पाणी हळूहळू खाली उतरत होतं. राइलीने ते पूर्ण उतरू दिलं.

"ओन्नीची," ती म्हणाली. त्या तळघरात हे नाव तिने आजवर घेतलं नव्हतं.

"मग त्यालाच काढ की."

"कुणाला?"

"ओन्नीला. त्याच्यासाठी कुणाची परवानगी लागते? त्याला काही टोपीत टाकला नाहीस तू."

राइलीने ओलं फडकं मोरीत आपटलं. "अक्कल नाही तुला, गॉर्ड पेल्की."

"बायकोही हेच सांगून गेली," गॉर्ड म्हणाला, आणि खोक्यात उरलेला बन कागदात गुंडाळून तिच्या कोटाच्या खिशात घातला.

घरी येईपर्यंत ती त्याला शिव्याच देत होती. कोट काढला, बन टेबलावर ठेवला, आणि रागाच्या भरातच कागद घेतला. काढते, म्हणाली. काय अवघड आहे? स्वतःच्या पोटचा मुलगा. केस काढले, कपाळावर येणारे, कापून घे म्हणून किती मागे लागायची. कान काढले. हनुवटी काढली. मग भुवई. ओन्नीच्या एका भुवईत व्रण होता, लहानपणी पडला होता तेव्हाचा. तिथे केस यायचे नाहीत. तिने पेन्सिल भुवईवर नेली आणि थांबली. कुठल्या?

तिने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. डोळे मिटून बघितलं. तो दारातून येतोय, बूट झटकतोय, वर बघतोय, आणि चेहऱ्याच्या जागी काही नाही. तीन वर्षं तिने खोल्या कोरड्या ठेवल्या होत्या, मोजे ऊब देऊन ठेवले होते, आणि ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं त्याचा चेहरा तेवढ्यात हातून निसटत चालला होता. पाणी खोल्यांत शिरलं तेव्हा वाटलं नव्हतं एवढं भय तिला आता वाटलं.

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. कुणीतरी दगड सरकवत होतं, लोक टाळ्या वाजवत होते.

"कालेवी," तिने हाक मारली. आवाज तिचा तिला अनोळखी वाटला. "ओन्नीच्या भुवईतला व्रण कुठल्या बाजूला होता?"

टाळ्या चालू राहिल्या. मग टीव्ही बंद झाला. कालेवी दारात येऊन उभा राहिला, नुसत्या मोज्यांवर.

"डाव्या," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "डाव्या. सौनाच्या बाकावरून पडला होता. माझ्या हातून निसटला होता तो. मी धरलं होतं त्याला."

हे तिला माहीत नव्हतं. तो आपोआप पडला, एवढंच तिला त्या वेळी सांगितलं होतं. डाव्या भुवईत तिने एक बारीक फट ठेवली. आता हा जाईल परत, असं तिला वाटलं. पण कालेवीने खुर्ची ओढली आणि शेजारी बसला. एवढ्या जवळ तो कितीतरी दिवसांत बसला नव्हता. ती काढत राहिली, तो बघत राहिला. डोळे झाले. तोंड झालं.

"नाक चुकलं," कालेवी म्हणाला.

"काय चुकलं त्यात?"

"हे माझं काढलंस. त्याचं तुझ्यासारखं होतं. माझी आई नेहमी म्हणायची, नाक सुनेचं घेऊन आला."

"माझं कसं आहे?"

कालेवीने तिच्याकडे बघितलं. बोट वर केलं, हवेत काहीतरी रेघ ओढायचा प्रयत्न केला, आणि खाली घेतलं. "मला सांगता येत नाही, राइली. जाऊन बघ ना."

ती न्हाणीघरात गेली. आरशात ती रोजच दिसायची, दात घासताना, केस बांधताना, पण तेवढ्यापुरती. आता ती दिवा लावून जवळ गेली. नाक मधे जरा बसकं, शेंड्याला गोल, एक नाकपुडी दुसरीपेक्षा किंचित मोठी. होतं तिथेच होतं. यंत्रांच्या वाफेत, थंडीत, बाहीने पुसत पुसत तिने ते तीन वर्षं वागवलं होतं. तिने कागद भिंतीच्या फरशीवर टेकवला, आधी काढलेलं नाक खोडलं आणि आरशात बघून दुसरं काढायला लागली. शेंडा झाला. नाकपुडी करताना समोरचं सगळं डबडबलं.

"रडू नकोस," कालेवी दारातून म्हणाला. "लाल होईल ते. त्याचं थंडीतून आल्यावर व्हायचं तसं."

"होऊ दे," ती म्हणाली. "तसंच काढते."